सीमेवरचे यंत्र आणि ट्रकचा ब्रेक

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावरचे व्याख्यान म्हटले, की गड, लढाया, तह आणि तख्ते यांची अपेक्षा धरून श्रोते येतात. आज मी जो इतिहास सांगणार आहे त्यात तह आहे, तहभंग आहे, लवाद आहे, सुडाची जकातही आहे. मात्र या सगळ्याच्या मध्यभागी कोणी राजा नाही की सेनापती नाही. तेथे उभा आहे एक मालट्रक, आणि त्या मालट्रकच्या पोटाखाली आहे त्याचा ब्रेक. हा ब्रेक लागतो की नाही, या प्रश्नावरून अमेरिका आणि मेक्सिको ही दोन शेजारी राष्ट्रे वीस वर्षे भांडत होती. भांडण मिटावे, निदान रांग तरी हलावी, म्हणून सीमेवर एकामागून एक विजेची यंत्रे आणून बसवण्यात आली. त्या यंत्रांनी काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हा आजचा विषय आहे.

नाका म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायला नको. आपल्या शहरांच्या वेशीवरचे जकात नाके आता गेले. मुंबईचे सर्वांत शेवटी, २०१७ साली गेले. पण ज्यांनी ते पाहिले आहेत त्यांना ती रांग आठवत असेल: स्टीअरिंगवर डोके टेकून झोपलेला ड्रायव्हर, टपरीवर गेलेला क्लीनर, आणि खिडकीतून आत-बाहेर करणारे कागद. आता ही रांग मनातल्या मनात पुष्कळ लांब करा आणि टेक्सास राज्यातल्या लारेडो या गावी नेऊन ठेवा. अलीकडे लारेडो, पलीकडे न्युएव्हो लारेडो, मध्ये नदी. तिला अमेरिकन लोक रिओ ग्रांदे म्हणतात आणि मेक्सिकन लोक रिओ ब्राव्हो म्हणतात. नदी एक असली तरी नावावरही एकमत नाही! या नदीवर २००० साली केवळ मालट्रकांसाठी एक पूल खुला झाला. ‘वर्ल्ड ट्रेड ब्रिज’ असे त्याचे भारदस्त नाव आहे. या एका गावातून अलीकडच्या काळात दरसाल वीस लाखांहून अधिक ट्रक अमेरिकेत शिरत आले आहेत.

आता यातली पहिली गंमत पाहा. मेक्सिकोतल्या कारखान्यातून निघालेला माल शिकागोला जायचा असेल, तर एकच ट्रक तो सरळ घेऊन जातो, असे आपल्याला वाटेल. तसे होत नाही. एका ओझ्याला तीन ट्रक लागतात. पहिला मेक्सिकन ट्रक ट्रेलर ओढत न्युएव्हो लारेडोपर्यंत आणतो आणि तेथल्या आवारात सोडून देतो. मग एक दुसराच स्थानिक ट्रक, म्हणजे पुढचा इंजिनाचा भाग, तो ट्रेलर जोडून घेतो, पुलावरून पलीकडे नेतो आणि लारेडोच्या एखाद्या आवारात सोडून बहुधा रिकामाच परततो. तेथून तिसरा, अमेरिकन ट्रक तो ट्रेलर घेऊन शिकागोची वाट धरतो. मधल्या या ट्रकला सीमेवर ‘ट्रान्सफर’ म्हणतात. त्याचे अंतर मोजून चार-आठ मैलांचे, पण त्याचा अर्धा दिवस रांगेत जातो. अशा कामाला नवा ट्रक कोण लावील? लांब पल्ल्याच्या धंद्यातून निवृत्त झालेली, तीन मालकांचे हात लागलेली गाडी या कामावर येते. बैल म्हातारा झाला की त्याला घाण्याला जुंपावे, तसा हा प्रकार. हे मधले जनावर लक्षात ठेवा. आपल्या सगळ्या कथेची किल्ली त्याच्याजवळ आहे.

ही विचित्र रीत आली कोठून? १९८० साली अमेरिकेने आपल्या मालवाहतुकीवरची जुनी बंधने सैल केली आणि परवाने मिळणे सोपे झाले. तेव्हा कॅनडाचे व मेक्सिकोचे वाहतूकदारही परवाने मागू लागले. अमेरिकन वाहतूकदारांनी तक्रार केली, की आमच्या देशात यांना मोकळीक आणि यांच्या देशात आम्हांला मज्जाव, हा कुठला न्याय? तक्रार रास्त होती. १९८२ साली कायदा होऊन दोन्ही शेजाऱ्यांना नवे परवाने देणे थांबवले गेले. कॅनडाशी काही महिन्यांतच समझोता झाला. मेक्सिकोशी झाला नाही. मेक्सिकन ट्रकांना सीमेलगतच्या एका पट्ट्यात, साधारण वीस-पंचवीस मैलांच्या आत, फिरण्याची मुभा राहिली. पुढे जायचे नाही. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. या बंदीच्या मुळाशी ब्रेक नव्हता, टायर नव्हता, ड्रायव्हरची झोपही नव्हती. तुम्ही आम्हांला दार उघडत नाही म्हणून आम्हीही उघडत नाही, असा तो रोकडा व्यापारी हिशेब होता. सुरक्षितता हा शब्द या भांडणात पुढे आला.

तो आला कसा, ते आता पाहू. १७ डिसेंबर १९९२ रोजी कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको यांनी मुक्त व्यापाराच्या करारावर सह्या केल्या. नाफ्टा या नावाने तो जगाला माहीत आहे. १ जानेवारी १९९४ पासून तो अमलात आला. त्यात ट्रकांचे वेळापत्रकच घातलेले होते. १८ डिसेंबर १९९५ पासून एकमेकांच्या सीमावर्ती राज्यांत, आणि १ जानेवारी २००० पासून सगळ्या देशभर ट्रकांना वाट मोकळी व्हायची होती. १८ डिसेंबर उजाडला. मेक्सिकोचे वाहतूकदार अर्ज भरून बसलेले होते. आणि त्याच दिवशी अध्यक्ष क्लिंटन यांच्या सरकारने जाहीर केले, की अर्ज घेतले जातील पण मंजूर केले जाणार नाहीत. कारण मेक्सिकन ट्रक सुरक्षित आहेत अशी खात्री नाही.

यामागे ट्रकचालकांची टीमस्टर्स ही बलाढ्य संघटना होती, हे उघड गुपित आहे. १९०३ साली घोडागाड्या हाकणाऱ्यांनी उभारलेली ही संघटना अमेरिकेच्या कामगार चळवळीतली एक मातबर शक्ती आहे. तिला भीती पगाराची होती. कमी मजुरीवर राबणारा ड्रायव्हर आपल्या पोटावर पाय देईल ही भीती काही काल्पनिक नव्हती. पण भीती पगाराची असली तरी ब्रेकविषयीचे तिचे म्हणणे खोटेच होते, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकाने १९९८ च्या अखेरीस दिलेला अहवाल पाहा. १९९७ साली सीमेवर तपासलेल्या मेक्सिकन ट्रकांपैकी शेकडा ४४ ट्रक इतके सदोष निघाले, की ते जागच्या जागी थांबवावे लागले. अमेरिकन ट्रकांचे तेच प्रमाण शेकडा २५ होते आणि कॅनडाच्या ट्रकांचे शेकडा १७. आकडे बोलके होते. शंभरातल्या चव्वेचाळीस गाड्या रस्त्यावर असण्याच्या लायकीच्या नाहीत, असे कळल्यावर कोणता बाप आपली मुले त्या रस्त्याने शाळेत धाडील?

पण इतिहासाच्या अभ्यासकाने आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारावा तो हा, की मोजले कोणाला? सीमेवर मोजले गेलेले हे ट्रक बहुतांशी तेच मघाचे घाण्याचे बैल होते. मेक्सिकोतला लांब पल्ल्याचा नवा ट्रक पुलापर्यंत येतच नव्हता, कारण त्याला बंदी होती. बंदीमुळे पुलावर जुने ट्रक आले, जुन्या ट्रकांमुळे आकडा वाढला, आणि आकडा दाखवून बंदी पुढे चालू ठेवली गेली. कोणी मुद्दाम रचलेला हा डाव होता, असे मी म्हणत नाही. धोरणे अशीच आपली आपण गोल फिरू लागतात, आणि आत बसलेल्याला आपण सरळ चाललो आहोत असे वाटत असते.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे मात्र त्या वेळी फार थोड्यांचे लक्ष गेले. कॅलिफोर्नियाच्या हायवे पोलिसांनी ओटाय मेसा आणि कॅलेक्सिको येथे सीमेला लागूनच कायमची तपासणीगृहे बांधली होती. तेथे शिकलेले निरीक्षक होते, छपराखाली ट्रक उभे करण्याची सोय होती, आणि दर तीन महिन्यांनी तपासणीचा दाखला नवा करून घ्यावा लागे. तेथे दोषाचे प्रमाण टेक्सासच्या मानाने पुष्कळच कमी होते. देशातल्या अमेरिकन ट्रकांच्या जवळपास येऊन ठेपले होते. आणि टेक्सासात? एल पासो येथे दिवसाला सरासरी तेराशे ट्रक येत, आणि त्यांच्यासाठी केंद्र सरकारचा निरीक्षक होता एक. तो दिवसाला दहा ते चौदा ट्रक तपासू शके. म्हणजे आपला ट्रक तपासला जाण्याचा धोका शंभरात एक! ड्रायव्हर मंडळी हिशेबात फार हुशार असतात. आपल्याकडेही ‘पासिंग’च्या दिवशी ट्रकला कोरे टायर कसे येतात आणि दुसऱ्या दिवशी ते कोठे जातात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कॅलिफोर्नियातले आणि टेक्सासातले ट्रक वेगळे का निघाले हे सांगावे लागणार नाही.

आता हा निरीक्षक एका ट्रकला एवढा वेळ का लावतो? कारण पूर्ण तपासणीला सदतीस पायऱ्या आहेत. अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या तिन्ही देशांच्या निरीक्षकांची एक संयुक्त संस्था आहे, तिने ही पद्धत घालून दिली. लायसन्स, गाडीचे कागद, दिवे, टायर, पाटे, चेसिसला गेलेला तडा, ट्रेलरची जोडणी, असे पाहत पाहत शेवटी तो ट्रकखाली शिरतो. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. प्रत्येक चाकाशी एक डबी असते. ब्रेक दाबला की त्या डबीतून एक दांडी बाहेर सरकते आणि ब्रेक आवळते. निरीक्षक ब्रेक सुटलेला असताना दांडीवर खडूने खूण करतो. मग ओरडून ड्रायव्हरला ब्रेक दाबून धरायला सांगतो आणि खूण किती सरकली ते पट्टीने मोजतो. ठरावीक मर्यादेपलीकडे दांडी सरकली तर तो ब्रेक ढिला. पाच आसांच्या ट्रेलर-ट्रकला दहा ब्रेक असतात. त्यांतले शेकडा वीस, म्हणजे दोन जरी सदोष निघाले, तरी गाडी थांबवायची, असा नियम आहे. खडू, पट्टी, आणि पाठीवर निजलेला माणूस: विसाव्या शतकाच्या अखेरीस, चंद्रावर माणूस जाऊन आल्यावर, जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या सीमेवर ब्रेक मोजण्याची रीत ही होती. आणि ती आजही तशीच आहे.

या वेळखाऊ कामावर उतारा म्हणून यंत्र आले. त्याचा जन्म सीमेवर झाला नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या काही राज्यांनी एक प्रयोग हाती घेतला होता: ट्रकला न थांबवता ओळखायचे आणि चालता चालता त्याचे वजन करायचे. उत्तरेस ब्रिटिश कोलंबियापासून पॅसिफिकच्या किनाऱ्याने खाली येऊन टेक्सासपर्यंत वळणारा महामार्गांचा मोठा पट्टा त्यासाठी निवडला गेला. नकाशावर तो चंद्रकोरीसारखा दिसतो म्हणून प्रयोगाला ‘क्रेसेंट’ हेच नाव पडले. रस्त्यात पुरलेला काटा चाकांचा भार मोजतो. ट्रकच्या काचेवर चिकटवलेली, पत्त्यांच्या जोडाएवढी एक डबी रस्त्याकडेच्या खांबावरून आलेल्या बिनतारी हाकेला आपला क्रमांक सांगून ओ देते. गणकयंत्र त्या क्रमांकाची कुंडली पाहते आणि पुढच्या खांबावरून उत्तर पाठवते. ड्रायव्हरच्या डबीवर हिरवा दिवा लागला तर पुढे चला, लाल लागला तर नाक्यात वळा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हीच युक्ती ओटाय मेसा व नोगालेस येथे मेक्सिकोच्या सीमेवर, आणि डेट्रॉइट व बफेलोच्या पुलांवर कॅनडाच्या सीमेवर करून पाहण्यात आली. आशा अशी होती, की जकात, परदेशगमन आणि सुरक्षितता या तिन्ही खात्यांना हवी ती माहिती ट्रक पुलावर असतानाच मिळेल. चांगले ट्रक न थांबता जातील आणि निरीक्षकाचा खडू वाईट ट्रकांसाठी मोकळा राहील.

कल्पना सुंदर होती. पण ‘कुंडली’ हा शब्द मी थट्टेने वापरला नाही. गणकयंत्र ट्रकचा ब्रेक पाहत नाही. ते त्या ट्रकच्या कंपनीची पूर्वकर्मे पाहते. त्यासाठी अमेरिकेत एक गुणपद्धती तयार झाली होती. एक ते शंभर असे गुण असतात. येथे शंभर गुण मिळवणारा मात्र आपल्या शाळेतल्यासारखा पहिला येत नाही. पंचाहत्तरच्या वर गुण असले की तपासा, पन्नासच्या खाली असले की सोडून द्या, मधल्यांचे निरीक्षकाने ठरवावे. हे गुण ठरतात मागच्या तपासण्या, अपघात आणि दोष यांवरून. आता जी कंपनी बंदीमुळे त्या देशाच्या रस्त्यावर कधी उतरलीच नाही, तिची कुंडली कोठून आणायची? नोंद पुरेशी नसलेल्यांसाठी त्या पद्धतीत वेगळा हिशेब होता, आणि त्यात अनोळखी माणूस तपासणीच्या बाजूलाच झुकत असे. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. आपणही ओळखीच्या दुकानदाराला वही दाखव म्हणत नाही.

उष्णतेचा डोळाही आणला गेला. चालत्या ट्रकचा ब्रेक लागला की तो तापतो. जो लागत नाही तो थंड राहतो. अंधारातही उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिले, की तापलेली चाके उजळ दिसतात आणि निकामी ब्रेकचे चाक काळे राहते. या सर्व यंत्रांत मला हे सर्वांत हुशार वाटते, कारण कागद न पाहता ते खरोखरच ब्रेककडे पाहते. पण त्यासाठी ट्रकने वेगात येऊन ब्रेक लावलेला असावा लागतो. पुलावरच्या रांगेत तासन्तास मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या ट्रकचे चांगले ब्रेकही थंडच असणार. उताराच्या महामार्गावर कामाचा असलेला हा डोळा जेथे ट्रकांची सर्वांत मोठी गर्दी, त्या पुलावर अधू ठरतो.

११ सप्टेंबर २००१ नंतर सीमेवर यंत्रांचा पूरच आला, पण तो वेगळ्या कामासाठी. ट्रकच्या आरपार गॅमा किरण सोडून आतल्या मालाचे चित्र काढणारी यंत्रे आली, किरणोत्सर्ग हुंगणाऱ्या कमानी आल्या. या कमानी इतक्या तिखट नाकाच्या, की केळी आणि फरशा यांच्यात निसर्गतः असणाऱ्या किरणोत्सर्गानेही त्या बोंब ठोकतात. चोरून आणलेला माणूस, अफू, बाँब हे सगळे त्यांनी शोधावे. ब्रेक हा त्यांच्या कामाचा भागच नव्हे. ट्रक रांगेतून पुढे येतो तेव्हा त्याच्याकडे आता डझनभर यंत्रांचे डोळे रोखलेले असतात, आणि तरी तो थांबू शकेल की नाही हे त्यांतल्या एकालाही सांगता येत नाही.

इकडे तहाची कथा पुढे चालली होती. ६ फेब्रुवारी २००१ रोजी नाफ्टाच्या लवादाने निकाल दिला, की अमेरिकेने करार मोडला आहे; सुरक्षिततेच्या अटी घालण्याचा हक्क तिला आहे, पण एकाही अर्जाचा विचारच न करण्याचा नाही. त्यावर अमेरिकन काँग्रेसने वॉशिंग्टन राज्याच्या सेनेटर पॅटी मरे आणि अलाबामाचे रिचर्ड शेल्बी यांच्या पुढाकाराने एक कलम मंजूर केले. दार उघडा, पण आधी या या गोष्टी करा, अशी त्यात यादी होती: सर्वांत गर्दीच्या दहा नाक्यांवर चालते वजनकाटे बसवा, ड्रायव्हरांची लायसन्से विजेच्या यंत्रावर पडताळून पाहा, दर नव्वद दिवसांनी तपासणीचा शिक्का घ्या, आणि जेथे निरीक्षक हजर असेल तेथूनच ट्रक सोडा. ही यादी मला त्या सगळ्या काळातला सर्वांत शहाणा कागद वाटतो. विरोधासाठी लिहिलेला असूनही त्यात माणूस आणि यंत्र यांची सांगड घातलेली आहे. त्या कायद्यावर सही झाली तो दिवसही १८ डिसेंबर, साल २००१. या तारखेचे आणि ट्रकांचे काय नाते आहे कोण जाणे. पुढे ड्रायव्हरांच्या कामाचे तास नोंदणारे यंत्र अमेरिकेत सक्तीचे झाले तेही १८ डिसेंबर २०१७ रोजी.

यानंतरही दार करकरतच उघडले. प्रदूषणाच्या मुद्द्यावर दावा झाला. २००४ साली सुप्रीम कोर्टाने तो एकमताने फेटाळला. २००७ च्या सप्टेंबरात मोजक्या मेक्सिकन कंपन्यांना घेऊन प्रयोग सुरू झाला, आणि २००९ च्या मार्चमध्ये काँग्रेसने पैसे काढून घेऊन तो बंद पाडला. आता मेक्सिकोचा संयम सुटला. लवादाने दिलेल्या हक्काचा वापर करून त्याने सुमारे नव्वद अमेरिकन वस्तूंवर जकात बसवली. त्या मालाची किंमत सुमारे २४० कोटी डॉलर होती. पुढच्या वर्षी यादीत डुकराचे मांस, चीज, सफरचंदे यांचीही भर पडली. ट्रकचा ब्रेक ज्याने आयुष्यात पाहिला नाही अशा बागायतदाराला त्याची किंमत मोजावी लागली. आणि दैवाचा खेळ असा, की गोठवलेले बटाटे, पेअर आणि सफरचंदे पिकवून मेक्सिकोला धाडणारे जे वॉशिंग्टन राज्य, ते खुद्द सेनेटर मरे यांचेच.

शेवटी जुलै २०११ मध्ये समझोता झाला, आणि त्याच्या पोटात एक यंत्र होते. प्रयोगात भाग घेणाऱ्या प्रत्येक मेक्सिकन ट्रकात अमेरिकन सरकारने स्वतःच्या खर्चाने नोंदणी करणारे विजेचे उपकरण बसवायचे: ट्रक कोठे आहे, किती वेळ चालला, ड्रायव्हरने विश्रांती घेतली की नाही. पाहुण्याच्या खिशात आपलेच घड्याळ घालून त्याला घरात घेण्यासारखे हे होते. पण पाहुण्याने ते पत्करले. २१ ऑक्टोबर २०११ रोजी न्युएव्हो लेओन प्रांतातल्या एका कंपनीचा ट्रक लारेडोचा पूल ओलांडून, मधला बैल न बदलता, डॅलसजवळच्या गार्लंड गावाकडे निघाला. तहात लिहिलेल्या तारखेला तोवर सोळा वर्षे होत आली होती.

तीन वर्षांत काय दिसले? पंधरा कंपन्यांच्या ट्रकांनी अठ्ठावीस हजारांवर वेळा सीमा ओलांडली, पंधरा लाख मैलांहून अधिक प्रवास केला, साडेपाच हजारांवर तपासण्या झाल्या. हे ट्रक अमेरिकन व कॅनेडियन ट्रकांपेक्षा कमी सुरक्षित नाहीत, असा निष्कर्ष वाहतूक खात्याने काढला आणि जानेवारी २०१५ मध्ये दार सर्वांना उघडे केले. महानिरीक्षकाने मात्र आधीच बजावले होते, की पंधरा कंपन्या म्हणजे मेक्सिको नव्हे. एवढ्या नमुन्यावरून सर्वांविषयी बोलता येत नाही. दोघांचेही बरोबर होते. टीमस्टर्सने पुन्हा दावा लावला. २०१७ साली तोही फेटाळला गेला. नाफ्टाची जागा १ जुलै २०२० रोजी नव्या कराराने घेतली, आणि लांब पल्ल्याच्या मेक्सिकन वाहतुकीला पुढे आवर घालण्याची सोय अमेरिकेने त्यात पुन्हा करून ठेवली.

आणि आपला घाण्याचा बैल? तो आहे तेथेच आहे. दार उघडल्यावरही बहुतेक ओझी तीन ट्रकांनीच जातात. दोन्ही बाजूंची आवारे, दलाल, विमा, ओळखी हे सगळे त्या रीतीभोवती वाढले आहे. तास नोंदणारे सक्तीचे यंत्रही थोड्या अंतरावर काम करून त्याच दिवशी परतणाऱ्याला सहसा लागू होत नाही. म्हणजे सर्वांत जुन्या ट्रकवर सर्वांत कमी यंत्र!

सुरक्षिततेचा शब्द दुसऱ्या कामालाही कसा जुंपला जातो, हे २०२२ च्या एप्रिलमध्ये दिसले. परदेशी लोकांच्या बेकायदा प्रवेशावरून टेक्सासच्या गव्हर्नरांचे केंद्र सरकारशी वाजले होते. त्यांनी हुकूम काढला, की मेक्सिकोतून आलेला प्रत्येक मालट्रक राज्याचे पोलीस पुन्हा तपासतील. केंद्राची यंत्रे, कमानी, किरण या सगळ्यांतून सुटलेला ट्रक पुढे राज्याच्या निरीक्षकासमोर अडू लागला. रांगा तासांवरून दिवसांवर गेल्या. फार या गावच्या पुलावर संतापलेल्या मेक्सिकन ड्रायव्हरांनी वाट अडवली. ट्रकांत भाजीपाला नासला. पलीकडच्या चार मेक्सिकन राज्यांच्या गव्हर्नरांनी सीमेवर पहारा वाढवण्याचे कबूल केले, आणि दहा दिवसांच्या आत तपासणी आवरली. तिच्यात चोरटा माल किंवा लपलेली माणसे सापडल्याचे पुढे आले नाही. सदोष ट्रक मात्र पुष्कळ सापडले, चार-पाचांतला एक! म्हणजे ज्या कामाचे निमित्त केले होते तेच काम खरे होते. ते खरे काम मात्र समझोता होताच थांबले.

२०१७ साली संयुक्त संस्थेने तपासणीच्या प्रकारांत एक नवा, आठवा प्रकार घातला: पूर्णपणे विजेची, बिनतारी तपासणी. चालत्या ट्रकमधून ड्रायव्हरचे लायसन्स, वैद्यकीय दाखला, कामाचे तास, गाडीचे रजिस्ट्रेशन आणि परवाना हे सगळे हवेतून घ्यायचे. यादी लांब आहे. ती मी वरपासून खालपर्यंत वाचली. ब्रेक तीत नाही.

पण एक वेगळी गोष्ट त्याच सुमारास ॲरिझोनातल्या नोगालेस नाक्यावर घडत होती. तेथल्या राज्य वाहतूक खात्याच्या निरीक्षकांनी मेक्सिकन ड्रायव्हरांसाठी वर्ग चालू केले. ते सीमेपलीकडे जाऊन, स्पॅनिशमधून, आम्ही ट्रकात काय पाहतो, कसे पाहतो, हे शिकवू लागले. जो वर्ग पुरा करील त्याला व्हॉट्सॲपवर निरीक्षकाला विचारण्याची मुभा मिळते. माल भरण्यापूर्वी, आपल्या गावच्या आवारातच, तो ड्रायव्हर स्वतः गाडीखाली वाकतो, शंका वाटेल त्या भागाचा फोटो काढतो आणि धाडतो: हे चालेल का? निरीक्षक उत्तर देतो: हे दुरुस्त करून ये. आपण ज्यावर सुप्रभात आणि फुले पाठवतो त्याच साध्या फोनवरून, सुमारे दोन हजार मैलांच्या त्या सीमेवरची ही तपासणी सुरू झाली आहे.

मग ट्रक नाक्यावर येतो. काटा त्याचे वजन करतो, खांब क्रमांक वाचतो, कमान हुंगते. त्याची पूर्ण तपासणी करायची ठरली, तर निरीक्षक खडू घेऊन त्याच्याखाली जातो. दहाही ब्रेक उतरले की तो बाहेर येऊन काचेवर एक कागदी चिकटपट्टी लावतो. तिचा रंग दर तिमाहीला बदलतो, आणि महिना कळावा म्हणून तिचे कोपरे छाटलेले असतात. तीन महिन्यांनी ती शिळी होते आणि ट्रकला पुन्हा त्या छपराखाली यावे लागते.